तैलचित्र बिघडतंय असं वाटतं तेव्हा: आधी बघा, मग खरवडा, मग रंगवा

चित्र बिघडायला लागलं की हातातला ब्रश लहान होत जातो. सुरुवात दोन बोटं रुंद ब्रशने केलेली असते. तीन तासांनी आपण सगळ्यात बारीक ब्रशने पापणीची कड ओढत असतो, आणि चेहरा काही केल्या जिवंत होत नाही. गालावर थोडा गुलाबी, तो फार झाला म्हणून थोडा पांढरा, मग फिका पडला म्हणून पुन्हा गुलाबी. तोवर पॅलेटवरच्या सगळ्याच रंगांवर एक करडी कळा आलेली असते. इथे काही जण इरेला पेटून आणखी दोन तास काम करतात, काही जण चित्र कपाटामागे सरकवून मोकळे होतात. दोन्हींत चित्र हातचं जातं.

तैलरंग चुका पुष्कळ सोसतो. जलरंगातला चुकलेला फटकारा बहुधा तसाच राहतो. तैलरंगातला पुसता येतो, खरवडता येतो, त्यावर पुन्हा रंगवता येतं. मात्र त्यासाठी दोन गोष्टी नीट कळाव्या लागतात. चूक नेमकी कुठे आहे, आणि रंगाचा थर या घडीला काय सोसेल. इतकी वर्षं रंगवून माझी एक खात्री झाली आहे: चूक जिथे डोळ्यांना खुपते तिथे ती सहसा नसते. खुपणारा भाग बऱ्याचदा शेजारच्या चुकीचं ओझं वाहत असतो. म्हणून या लेखात रंगवण्याआधी बघण्यावर बरंच लिहिलं आहे.

पायरी पहिली: हात थांबवा

ब्रश खाली ठेवा, तो धुवा, आणि चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवा. निदान एक रात्र. शक्य असेल तर तीन-चार दिवस. टिशियनबद्दल त्याच्याबरोबर काम केलेल्या धाकट्या पाल्माने सांगून ठेवलंय की तो अर्धवट चित्रं भिंतीकडे वळवून कित्येक महिने तशीच ठेवी, आणि पुन्हा हाती घेताना एखाद्या शत्रूला न्याहाळावं तशी कठोरपणे तपासत असे. इतका मोठा चित्रकार स्वतःच्या नजरेला विश्रांती देत असेल, तर आपल्या नजरेला ती लागणारच. तासन्‌तास एकाच गोष्टीकडे पाहत राहिलं की डोळा चुकीला सरावतो आणि ती त्याला दिसेनाशी होते.

चित्र महिनोन्‌महिने ठेवायचं असेल तर मात्र अंधाऱ्या जागी ठेवू नका. जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं. उजेडात ठेवल्यावर हा पिवळेपणा बराच उतरतो, पण उतरेपर्यंत तुम्ही भलताच रंग पाहून भलतीच दुरुस्ती कराल.

पायरी दुसरी: नव्या डोळ्यांनी बघा

चित्र परत समोर घ्याल तेव्हा ब्रश जवळपास ठेवू नका. सात-आठ पावलं मागे जा. मग आरसा घ्या. आरशात चित्र उलटं दिसतं आणि सरावलेला डोळा फसतो. वाकडा जबडा, एका बाजूला कललेली बाटली, खाली घसरलेला डोळा एका क्षणात दिसतो. लिओनार्दोनेही चित्रकारांना सपाट आरशात आपलं काम पाहण्याचा सल्ला दिला होता. त्यानंतर चित्र खालचं वर करून ठेवा. आता तो चेहरा किंवा झाड राहत नाही, नुसते आकार उरतात, आणि कुठला आकार विनाकारण डोळा ओढून घेतो ते कळतं.

सगळ्यात उपयोगी सवय म्हणजे डोळे बारीक करून पाहणं. पापण्या इतक्या मिटा की तपशील विरघळून जावेत आणि फक्त उजळ-गडद पट्टे राहावेत. असं समोरच्या विषयाकडे पाहा, मग चित्राकडे, पुन्हा विषयाकडे. विषयात तीन-चारच मोठे पट्टे दिसतात आणि चित्रात बारा तुकडे, असं असेल तर दुखणं सापडलं. मोबाइलने काढलेला कृष्णधवल फोटोही हेच दाखवतो. फक्त मोबाइल स्वतःच उजेड कमी-जास्त करतो, म्हणून चित्र आणि विषय शक्यतो एकाच फोटोत येऊ द्या. दोघांना सारखीच वागणूक मिळते.

चित्रावर कुठून उजेड पडतोय तेही तपासा. पिवळ्या दिव्याखाली रंगवलेलं चित्र दिवसा निळसर वाटलं तर चित्रात काहीच बिघडलेलं नसतं, दिवा बदलायचा असतो. ओल्या रंगावर खिडकीची चमक पडत असेल तर गडद भाग उजळ भासतात आणि आपण ते उगाच आणखी काळे करत जातो. ईझल थोडं पुढे झुकवलं की चमक जाते.

आता वहीत तीन वाक्यं लिहा. हे टाळू नका. ‘चेहऱ्यात जीव नाही’ हे निदान झालं नाही. ‘भिंत गालाइतकीच उजळ आहे’ हे निदान. ‘डावा खांदा फार वर गेलाय’, ‘सावलीत पांढरा मिसळलाय’, ‘सगळ्या कडा सारख्याच धारदार आहेत’, अशी वाक्यं हवीत. ज्या वाक्यावरून हाताला काय करायचं ते कळत नाही, ते पुन्हा लिहा.

पायरी तिसरी: कुठली चूक आधी

एकाहून जास्त चुका सापडणारच. त्यांना हात घालण्याचा क्रम मी कधीच बदलत नाही: आधी रेखाटन, मग टोन म्हणजे उजळ-गडदपणा, मग कडा, मग रंगाची उष्णता म्हणजे तो उबदार आहे की थंड, आणि अगदी शेवटी तपशील. कारण साधं आहे. डोळाच चुकीच्या जागी असेल तर बुबुळातली चमक कितीही सुंदर रंगवली तरी उद्या ती खरवडावी लागणार. टोन चुकला असेल तर रंग बदलून तो सुधारत नाही. उलट टोन बरोबर असेल तर रंग थोडा इकडेतिकडे गेला तरी चित्र उभं राहतं.

माझंच एक उदाहरण सांगते. खिडकीशी बसलेल्या एका बाईचं चित्र होतं. डावीकडून येणारा प्रकाश गालावर पडलेला, मागे फिकट भिंत. गालावरचा प्रकाश काही केल्या प्रकाश वाटेना. मी दहा दिवस त्या एका गालावर घालवले. पांढरा वाढवत गेले, गाल खडूसारखा कोरडा होत गेला. त्यावर पिवळा चढवला तर आजारी दिसायला लागला. शेवटी कृष्णधवल फोटो काढला तेव्हा भिंत आणि गाल एकाच टोनचे दिसले. गालाला उजळायला जागाच ठेवली नव्हती. भिंत दोन टोन खाली आणली, तासाभराचं काम, आणि गाल उजळला. नंतर उलट गालावरचा पांढरा कमी करावा लागला.

सेझानचं १८९९ चं एक उदाहरण मला या संदर्भात नेहमी आठवतं. तो चित्रव्यापारी अँब्रॉस व्होलारचं व्यक्तिचित्र करत होता. व्होलारने सांगितल्याप्रमाणे त्याला ११५ बैठका द्याव्या लागल्या. हातावरच्या दोन लहानशा जागा कोऱ्या राहिल्या होत्या. त्याबद्दल विचारल्यावर सेझान म्हणाला की तिथे अंदाजाने काहीतरी रंग लावला तर त्या जागेपासून पुढे सगळं चित्र पुन्हा करावं लागेल. दोन ठिपक्यांनी सगळं चित्र हलतं यावर त्याचा खरोखर विश्वास होता. माझ्या दहा दिवसांनंतर माझाही बसला.

म्हणून एखादा भाग खटकला तर आधी त्याच्या शेजाऱ्यांकडे पाहा. रंग फिका वाटतोय? शेजारचा फार भडक आहे का? सावली पुरेशी गडद नाही? शेजारची सावली तिच्याहून काळी झाली आहे का? नवा रंग थेट कॅनव्हासवर लावण्याआधी पॅलेट नाइफच्या टोकावर घ्या आणि त्या जागेजवळ धरून पाहा. या एका सवयीने माझी अर्धी खरवड वाचली आहे.

पायरी चौथी: रंग किती वाळलाय

इथे अनेक जण चुकतात, कारण जलरंग पाणी उडून वाळतो तसा तैलरंग वाळत नाही. त्यातलं तेल हवेतला ऑक्सिजन घेतं आणि हळूहळू घट्ट, जाळीदार थर बनतं. टर्पेंटाइन उडून जातं, तेल जात नाही. म्हणून वरून कोरडा वाटणारा जाड थर आत कित्येक महिने मऊ राहू शकतो.

प्रत्येक रंगाचा वेगही वेगळा असतो. अंबरसारखे मातकट रंग एक-दोन दिवसांत हाताला कोरडे लागतात. टिटॅनियम व्हाइट, कॅडमियम, अलिझरिन आणि आयव्हरी ब्लॅक यांना आठवडा किंवा त्याहूनही जास्त लागतो. एकाच चित्रात सावली वाळलेली आणि उजळ भाग ओला, ही नेहमीची स्थिती आहे. बोटाच्या पेराने हलकेच स्पर्श करून प्रत्येक भाग वेगळा तपासा.

तीन अवस्था ओळखायला शिका. रंग लोण्यासारखा हलतोय तोवर तो ओला. त्याला पुसता येतं, खरवडता येतं, त्यात नवा रंग मिसळता येतो. बोटाला रंग लागत नाही, पण पृष्ठभाग सोडताना बोट किंचित ओढलं जातं, ती चिकट अवस्था. आणि कोरडा, म्हणजे नखाने हलका दाब दिला तरी खूण उठत नाही.

चिकट अवस्थेत काहीही करू नका. या वेळी ब्रश चालवला की अर्धा वाळलेला पापुद्रा उचलला जातो, त्याचे कण नव्या रंगात मिसळतात आणि तिथे खरखरीत चट्टा राहतो. तो पुढे कुठल्याच थराखाली लपत नाही. अस्वस्थपणे ‘एवढंच जरा नीट करते’ म्हणून केलेली दुरुस्ती नेमकी याच अवस्थेत होते. हवेशीर, उजेडाच्या जागी चित्र ठेवा आणि वाट पाहा. तोवर दुसरं चित्र सुरू करा.

पायरी पाचवी: ओला असेल तर खरवडा

ओल्या चुकीवर रंग चढवू नका, ती काढून टाका. पॅलेट नाइफ आडवी, जवळजवळ कॅनव्हासला चिकटून धरा आणि एका दिशेने ओढा. प्रत्येक ओढीनंतर पातं पुसा, नाहीतर काढलेला रंग पुढच्या ओढीत परत पसरतो. कॅनव्हासच्या मागून दुसऱ्या हाताने किंवा पुठ्ठ्याने आधार द्या, म्हणजे कापड ताणलं जाऊन खोक पडणार नाही, आणि मागच्या लाकडी पट्टीची कडही उमटणार नाही.

खरवडल्यावर मागे एक पुसट छाया उरते. ती पुसायची घाई करू नका. अनेकदा ती छाया पहिल्या रंगकामापेक्षा चांगली असते, कारण फटकाऱ्यांचा गोंधळ निघून गेलेला असतो आणि मोठे आकार तेवढे राहतात. या छायेवर रंगवलेला दुसरा चेहरा पहिल्यापेक्षा मोकळा होतो, हे मी पुनःपुन्हा अनुभवलं आहे. जॉन सिंगर सार्जंटच्या चेहऱ्यांमधले फटकारे पाहून वाटतं की हे सगळं एका झटक्यात झालं असेल. प्रत्यक्षात तो न जमलेलं डोकं पूर्ण खरवडून पुन्हा पहिल्यापासून रंगवत असे, तेही अनेकदा. दुरुस्त्यांचे थर साचू न दिल्यामुळेच तो ताजेपणा टिकला.

थर जाड नसेल, पण तेल आणि रंग जरा जास्त झालाय असं वाटत असेल, तर वर्तमानपत्राचा कागद रंगावर ठेवा, तळव्याने सगळीकडे सारखा दाब द्या आणि सावकाश सोलून काढा. वरचा जास्तीचा रंग कागदाबरोबर येतो, कडा मऊ होतात. लंडनच्या स्लेड स्कूलमध्ये शिकवणाऱ्या हेन्री टाँक्सच्या नावावरून या पद्धतीला टाँकिंग म्हणतात. दिवसभराच्या कामाच्या शेवटी हे केलं तर दुसऱ्या दिवशी काम करायला फार चांगला पृष्ठभाग मिळतो.

एखादा भाग कोऱ्या कॅनव्हासपर्यंत न्यायचा असेल तर टर्पेंटाइन किंवा कमी वासाचा थिनर लावलेली चिंधी वापरा. चिंधी ओली हवी, निथळती नको. खिडक्या उघड्या ठेवा.

त्या चिंध्यांबद्दल एक गोष्ट गांभीर्याने घ्या. जवसाच्या तेलात भिजलेली चिंधी चुरगाळून ढिगात टाकली तर वाळताना तिच्यात उष्णता साठते आणि ती आपोआप पेट घेऊ शकते. चिंध्या मोकळ्या हवेत एकेक पसरून वाळवा, किंवा पाण्यात बुडवून घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवा.

पायरी सहावी: वाळला असेल तर

वाळलेल्या चित्राकडे परत जाताना पहिला धोका वेगळाच असतो. गडद भाग राखाडी आणि निस्तेज दिसतात. आपण समजतो टोन चुकला, आणि तो आणखी गडद करतो. खरं तर खालच्या थराने तेल शोषून घेतल्यामुळे रंग बसलेला असतो. टर्पेंटाइन जास्त वापरलं असेल किंवा कॅनव्हासचं अस्तर फार शोषणारं असेल तर हे हमखास होतं. आधी तो भाग तेलाने जागा करा: जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन समसमान घ्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने अगदी पातळ चोळा, काही मिनिटं थांबा आणि स्वच्छ कापडाने जवळजवळ सगळं पुसून घ्या. रंग पूर्वीच्या खोलीने परत दिसतो. त्यानंतरच ठरवा की तिथे खरंच काही चुकलंय का. पुष्कळ वेळा दुरुस्तीची गरजच उरत नाही. पृष्ठभागावर तेल साचू मात्र देऊ नका. साचलेलं तेल पुढे पिवळं पडतं आणि सुरकुततं.

आता दुरुस्ती करून पाहायची, पण कॅनव्हासवर नाही. वाळलेल्या चित्रावर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद लावा आणि त्यावर रंगवून पाहा. भिंत गडद करून बघायची आहे? कागदावर करा, मागे जाऊन पाहा, नाही पटलं तर पुसा. एका दुपारी पाच शक्यता पाहून होतात आणि चित्राला धक्का लागत नाही. इतकी सोपी युक्ती फार थोडे लोक वापरतात याचं मला नवल वाटतं.

दुरुस्ती कळली की तिरप्या उजेडात पृष्ठभाग बघा. जुन्या फटकाऱ्यांचे उंचवटे नव्या थरातूनही दिसणार असतील तर ते आधी सपाट करावे लागतील. पूर्ण वाळलेल्या रंगावर बारीक वॉटर पेपर, साधारण ४०० नंबरचा, थोड्याशा ओलाव्याने हलक्या हाताने फिरवा, मागून पुठ्ठ्याचा आधार देऊन. कोरडं घासू नका. कॅडमियम किंवा शिसं असलेल्या रंगांची धूळ श्वासात जाणं घातक आहे. मास्क लावाच.

उंचवटे काढण्याचं आणखी एक कारण आहे. तैलरंगाचा थर वर्षांनुवर्षं अधिकाधिक पारदर्शक होत जातो. आज पूर्ण झाकलेली चूक काही दशकांनी खालून डोकावू शकते. पिकासोच्या १९०३-०४ मधल्या म्हाताऱ्या गिटारवादकाच्या चित्रात खालच्या बाईचा चेहरा आज नुसत्या डोळ्यांनाही पुसट दिसतो. म्हणून मोठा बदल असेल तर आधी काढा, मग रंगवा.

नव्या थरात खालच्यापेक्षा तेलाचं प्रमाण थोडं जास्त असू द्या. खाली तेलकट, सावकाश वाळणारा थर आणि वर टर्पेंटाइनने पातळ केलेला, लवकर वाळणारा थर असेल तर वरचा आधी कडक होतो, खालचा नंतर हलतो, आणि भेगा पडतात. दुरुस्तीच्या भरात हा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो, कारण घाईत आपण टर्पेंटाइनमध्ये ब्रश बुडवत राहतो. वाळलेल्या तैलरंगावर ॲक्रिलिक रंग तर लावूच नका, तो धरत नाही.

पुढचा निर्णय रंगाचा. टोन थोडा खाली आणायचा किंवा रंगाला उबदारपणा द्यायचा असेल तर ग्लेझ लावा: पारदर्शक रंग तेलात पातळ करून. थोडं उजळायचं, धूसर करायचं असेल तर अपारदर्शक, फिका रंग जवळजवळ कोरड्या ब्रशने वरवर घासा, खालचा रंग मधूनमधून दिसत राहील असा. टोन खूपच चुकला असेल तर या दोन्हींनी भागत नाही. तो भाग अपारदर्शक रंगाने सरळ पुन्हा रंगवा. ग्लेझवर ग्लेझ चढवून मोठी चूक लपवण्याच्या प्रयत्नात सावल्या काकवीसारख्या चिकट आणि काळ्या होतात.

नेहमीच्या काही तक्रारी

रंगाचा चिखल होतो, ही सगळ्यात मोठी. बहुतेकांना वाटतं की मिश्रण चुकलं. मिश्रणात चार-पाच रंग गेले असतील तर ते कारण खरंच असू शकतं. दोन किंवा तीन रंगांत जमवा. पण माझ्या पाहण्यात जास्त वेळा कारण असतं ब्रश. उजळ भागासाठी आणि सावलीसाठी एकच ब्रश वापरला की प्रत्येक उजळ फटकाऱ्यात सावली मिसळते. दोन वेगळे ब्रश ठेवा, उजळ आणि गडद, आणि ते दिवसभर वेगळेच राहू द्या. दुसरं कारण म्हणजे घोटणं. ओल्या रंगावर एक फटकारा द्या आणि सोडा. त्याच जागी तिसऱ्यांदा ब्रश फिरला की खालचा रंग वर येतो. चिखल झालाच असेल तर त्यात शुद्ध रंग ओतून तो निवळत नाही. खरवडा, किंवा वाळू द्या आणि वरून स्वच्छ रंगाने रंगवा. आणि मुळात तो रंग खरंच मळकट आहे का, की शेजारचा भडक रंग त्याला मळकट दाखवतोय, तेही पाहा. एकटा कुठलाच करडा रंग मळका नसतो.

चित्र खडूसारखं दिसतं तेव्हा दोष सहसा पांढऱ्याचा. टिटॅनियम व्हाइट फार जोरकस आणि थंड असतो. रंग उजळवायला आधी त्याच कुळातला उजळ रंग वापरून पाहा, लाल उजळायला नारिंगी, हिरवा उजळायला पिवळा, आणि पांढरा शेवटी, थोडा. सावलीत पांढरा जवळपास नकोच. सावल्या पातळ आणि उजळ भाग जाड, एवढं पाळलं तरी पुष्कळ चित्रांत हवा खेळायला लागते.

वस्तू कापून चिकटवल्यासारख्या दिसतात ती कडांची तक्रार. समोर पाहा: सावलीतला केसांचा भाग पार्श्वभूमीत विरून जातो, प्रकाशातला खांदा मात्र लख्ख दिसतो. चित्रात आपण दोन्ही कडा सारख्याच निष्ठेने रेखतो. डोळे बारीक करून पाहिल्यावर जी कड दिसेनाशी होते, ती चित्रातही हरवू द्या. रंग ओला असेल तर कोरड्या मऊ ब्रशने कडेवरून एकदाच हलका हात फिरवा. वाळला असेल तर दोन्ही बाजूंचे रंग नव्याने थोडे लावून ते एकमेकांत मिळवा. धारदार कड दोन-तीन ठिकाणीच ठेवा, जिथे नजर थांबावी असं तुम्हाला वाटतं.

नवा रंग वाळलेल्या थरावर धरत नसेल, थेंब होऊन मागे सरत असेल, तर वॉटर पेपरचा हलका हात पुरतो.

लाडका तुकडा

याबद्दल बोलणं अवघड आहे, पण टाळता येत नाही. बिघडलेल्या प्रत्येक चित्रात एक तुकडा फार सुंदर उतरलेला असतो. एखादा हात, काचेवरची चमक, ओढणीची घडी. आपण नकळत बाकी सगळं चित्र त्या तुकड्याभोवती वळवत राहतो. तो जागेवर नसेल तरी त्याला हलवत नाही, त्याच्याशी जुळावं म्हणून बरोबर असलेला चेहरा बदलतो.

तपासायचं असेल तर अंगठ्याने किंवा कागदाच्या कपट्याने तो तुकडा झाका. चित्र सुटसुटीत वाटलं तर तो तुकडाच अडसर आहे. त्याचा फोटो काढा, त्याचा रंग कसा जमला ते वहीत टिपा, आणि खरवडा. मला हे करायला अजूनही जड जातं. त्या खिडकीशी बसलेल्या बाईच्या चित्रात मागच्या भिंतीवर पडद्याची एक सावली होती, माझ्या हातून तोवर उतरलेली सगळ्यात नाजूक सावली. भिंत उजळ ठेवण्याचा हट्ट त्या सावलीपायीच होता.

रचना चुकली असेल तर

पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे चित्रावर ठेवा आणि चौकट पुढे-मागे सरकवत पाहा. कधी कधी चित्राच्या आत एक लहान, चांगलं चित्र असतं. सार्जंटने ‘कार्नेशन, लिली, लिली, रोझ’ या १८८५-८६ च्या चित्राची डावी बाजू सुमारे दोन फूट कापून ते जवळपास चौरस केलं. कापायचं असेल तर आधी कापड पट्ट्यांवरून सोडवा, नव्या मापाच्या चौकटीवर वळवायला चारही बाजूंनी दोन-दोन इंच जास्त ठेवा, आणि मगच कात्री लावा.

सोडून द्यायचं कधी

रेखाटन मुळापासून चुकलं असेल, रंगाचे थर इतके जाड झाले असतील की खालचा कापडाचा पोत कुठेच दिसत नाही, किंवा थर सुरकुतायला, भेगाळायला लागला असेल, तर त्याच कॅनव्हासवर झगडू नका. विषयावर अजून प्रेम असेल तर नव्या कॅनव्हासवर सुरू करा. आधी तळहाताएवढ्या तुकड्यावर फक्त पाच-सहा मोठ्या पट्ट्यांत टोन आणि रंग ठरवून घ्या. मूळ चित्रातलं रेखाटन बरोबर असेल तर ते ट्रेसिंग पेपरवर उतरवून घ्या. जुनं चित्र समोरच ठेवा. त्यात कुठे काय चुकलं हे तुम्हाला आता नेमकं माहीत आहे.

जुना कॅनव्हास पुन्हा वापरायचा असेल तर त्यावर ॲक्रिलिक जेसो, म्हणजे कोऱ्या कॅनव्हासला देतात ते पांढरं अस्तर, लावू नका. वाळलेल्या तेलावरून तो आज ना उद्या सुटतो. उंचवटे घासून, पुसून घ्या आणि तैलरंगाचंच पातळ, मधल्या टोनचं अस्तर द्या. त्यासाठी झिंक व्हाइट टाळा, त्याचा थर कालांतराने ठिसूळ होतो. ते अस्तर पूर्ण वाळेपर्यंत थांबा.

दुरुस्ती जमली असेल तर चित्र तुमच्या रोजच्या येण्याजाण्याच्या वाटेवर टांगा आणि आठवडाभर फक्त येता-जाता पाहा, सकाळच्या उजेडात, संध्याकाळच्या, दिव्याच्या. वहीतली ती तीन वाक्यं काढून वाचा. तिन्ही खोडता आली आणि नवं वाक्य सुचत नसेल तर ब्रश उचलू नका. पातळ थरांचं चित्र असेल तर सहा महिने, जाड असेल तर वर्षभर वाळू द्या, मग साचलेली धूळ मऊ ब्रशने झाडून व्हार्निशचा एक पातळ हात द्या.